देव मानत नाही, मग रविवारी काय करू? खानापूर तालुक्यातल्या एका मुलाला उत्तर

प्रश्न विचारणारा मुलगा 27 वर्षांचा आहे. मूळचा बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला, नोकरी पुण्यात. घर कॅथोलिक. आई रोज साडेसातला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगते, वडील पॅरिश कौन्सिलवर, म्हणजे गावच्या चर्चच्या मंडळावर आहेत, एक मावशी सिस्टर, म्हणजे नन आहे. याचा देवावरचा विश्वास कॉलेजात असतानाच गेला, पण घरी कुणाला पत्ता नाही. मे महिन्यात गावातल्याच मुलीशी लग्न ठरलंय. त्यातच बहिणीला मुलगी झालीय आणि तिनं यालाच गॉडफादर, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता, व्हायला सांगितलंय. तो विचारतो: घरी सांगू की गप्प बसू? चर्चमध्ये लग्न केलं तर ते खोटं ठरेल का? चर्चच्या वहीतून नाव काढता येतं का? वडिलांच्या शेतीवरचा, घरावरचा हक्क जाईल का? आणि मेल्यावर मला सेमेटरीत, म्हणजे चर्चच्या दफनभूमीत, जागा देतील का?

शेवटच्या प्रश्नाला मी आधी हसले. मग आठवलं, मीही 24 व्या वर्षी नेमकं हेच विचारलं होतं, तेही सेमेटरीच्या फाटकात उभी राहून.

मी बेळगावच्या कोर्टात 31 वर्षं घरगुती खटले चालवते. आजोबा गोव्याकडून रेल्वेच्या कामाला लोंढ्याला आले, वडील पुढे बेळगावात कॅम्पात स्थिरावले. घरात कोंकणी, शाळेत आणि गल्लीत मराठी, कचेरीत कन्नड. तुझंही थोड्याफार फरकानं असंच असणार. तेव्हा मी तुला वकील म्हणून सांगतेय आणि त्याच बाकांवरून उठून आलेली बाई म्हणूनही.

आधी एक फरक डोक्यात पक्का कर. चर्चमध्ये जाऊन बसणं वेगळं आणि तोंडानं 'मी मानतो' म्हणणं वेगळं. कोर्टात आम्ही हा फरक रोज पाळतो. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की त्याला देवाची शपथ देतात, पण 1969 च्या शपथ कायद्यातच सोय आहे की ज्याला शपथ घ्यायची नाही त्यानं गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी. साक्ष तेवढीच ग्राह्य. मी स्वतः दोनदा साक्षीदार म्हणून उभी राहिले, दोन्ही वेळा प्रतिज्ञा केली. क्लार्कनं एकदा मान वर करून बघितलं आणि पुढचं वाचलं, बस्स. पण न्यायाधीश आत आल्यावर उठून उभं राहायला मी कधी नाही म्हटलेलं नाही. मिस्सेचं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं, मी तसंच ठरवून टाकलंय. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला जाते, नाताळला जाते, लग्नाला-मयताला जाते, सगळे उठले की उठते. 'मी श्रद्धा ठेवतो' ही श्रद्धेची कबुली सुरू झाली की ओठ मिटून घेते. एवढ्या वर्षांत कुणी हटकलं नाही, आणि मला खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही.

माझ्या काही नास्तिक मित्रांना हे ढोंग वाटतं. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये राहून तसं वाटणं सोपं आहे. आपल्याकडे पॅरिश म्हणजे नुसती प्रार्थना नसते. मयताला खांदा, पोरींची स्थळं, फुटबॉलची टीम, गोव्यातल्या नोकरीची ओळख, दवाखान्यात रात्री थांबणारं माणूस, हे सगळं त्याच अंगणातून येतं. आणि खरं सांगू? मिस्सा कोंकणीत हवी, मराठीत हवी की कन्नडात, यावरून मी या भागात जेवढे आवाज चढलेले ऐकलेत, तेवढे देव आहे की नाही यावरून एकदाही ऐकलेले नाहीत.

आता सांगायचं कुणाला. आईला नाही, वडिलांनाही नाही. आधी त्या मुलीला, आणि तेही पत्रिका छापायला जायच्या आत.

हे मी इतकं ठासून का सांगते, तर एक जोडपं माझ्याकडे आलं होतं (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत). लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल तीन महिन्यांचं. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला बसले आणि नवरा म्हणाला, मला हे काही पटत नाही, कधीच पटत नव्हतं. बायको वेगळी राहायला लागली. मला वाटलं श्रद्धेवरून बिनसलं असेल. तिला एकटीला बसवून विचारलं, तर तिचं दुखणं वेगळंच निघालं. देव मानत नाही याचं तिला फारसं काही नव्हतं, तिचा बापही वर्षातून दोनदाच चर्चला जायचा. आपण ज्या दिवशी जन्माचं वचन दिलं, त्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या मनात काय चाललंय हे आपल्याला ठाऊक नव्हतं, हे तिला गिळवत नव्हतं. चार महिने लागले मला त्या दोघांना एका टेबलाशी आणायला. त्यानं लग्नाआधी जांबोटीच्या रस्त्यावर कुठंतरी चहाला थांबून हे सांगितलं असतं तर ती कदाचित दोन दिवस रडली असती आणि मग पुढचं बोलली असती.

तेव्हा मुलीला सांग. फोनवर सांगू नको, मेसेजवर तर मुळीच नाही. तत्त्वज्ञानही सांगत बसू नको. तिला तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतील: मी चर्चला गेले तर अडवशील का, मुलांचं काय, आणि माझ्या आईसमोर कसा वागशील. यांची उत्तरं आधी स्वतःशी नक्की कर. मुलांबद्दल 'बघू पुढे' असं म्हणालास तर समज, की भांडण पाच वर्षांनी होणार आहे एवढंच.

मग लग्नाचं कायदेशीर अंग. चर्चला स्वतःचा कायदा आहे, 1983 ची धर्मसंहिता. तिच्यातल्या 1071 व्या कलमाप्रमाणे, ज्यानं कॅथोलिक श्रद्धा उघडपणे टाकलीय त्याचं लग्न लावायला फादरना बिशपांची परवानगी घ्यावी लागते. ती मिळताना 1125 व्या कलमातली अट लागू होते: श्रद्धा असलेल्या बाजूनं, म्हणजे तिनं, वचन द्यायचं की मी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांचा बाप्तिस्मा व्हावा, ती कॅथोलिक म्हणून वाढावीत यासाठी माझ्याकडून होईल ते सगळं करीन. लक्षात घे, हे वचन तू द्यायचं नाहीस. तिनं काय वचन दिलंय हे तुला नीट माहीत असलं पाहिजे, एवढंच कायदा मागतो. बऱ्याच पोरांना हे ठाऊकच नसतं. त्यांना वाटतं आपल्यालाच खोटी सही करावी लागणार.

लग्न खोटं ठरेल का, तर नाही. बाप्तिस्मा झालेल्या दोघांनी चर्चमध्ये, मोकळ्या मनानं, एकाच जोडीदाराशी, जन्मभरासाठी अशी संमती दिली, तर चर्च ते लग्न वैध धरतं. सुखात-दुःखात, आजारपणात साथ देईन हे तू मनापासून म्हणू शकतोस की. अडखळशील तो प्रश्न आणाभाकांच्या आधीचा: देव देईल ती मुलं प्रेमानं स्वीकाराल का आणि ख्रिस्ताच्या व चर्चच्या नियमानुसार वाढवाल का? इथं 'होय' तुला म्हणावं लागतं. याच कारणासाठी फादरशी आधी बोलायचं. लग्नाआधी ते दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात, उत्तरं लिहून घेतात, सही घेतात. त्या कागदावर खोटं लिहू नको. वकील म्हणून सांगते, पुढे संसार बिनसला तर चर्चच्या न्यायासनापुढे पहिल्यांदा हाच कागद उघडतात.

फादरना सांगितलं तर वडिलांच्या कानावर जाईल ही धास्ती असेल, तर आधीच सांग की हे माझ्या-तुमच्यातच राहू दे. कुमसारात, म्हणजे पापांची कबुली देताना, बोललेलं तर फादरना कधीच, कुणालाच सांगता येत नाही, पण न मानणाऱ्यानं केवळ गुप्ततेसाठी कुमसारला बसावं हे मला स्वतःला पटत नाही. टेबलाशी बस आणि सरळ बोल. फादर असे प्रश्न पहिल्यांदा ऐकत नसतात. आपल्याला वाटतं तेवढे ते दचकत नाहीत.

दुसरा रस्ता 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिलाय तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात, 30 दिवस हरकतीसाठी थांबतात, मग तीन साक्षीदारांपुढे लग्न. धर्म कुणी विचारत नाही. पण कचेरीतली ती नोटीस म्हणजे गावभर दवंडी. कुणाचा ना कुणाचा चुलता खरेदीखताला आलेला असतोच. तुमचं पुण्यातलं वास्तव्य दाखवता आलं तर पुण्यात करता येईल, तरी कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असला की नोटिशीची प्रत तिकडच्या कचेरीतही जाते.

आणि एक गोष्ट पोरं विसरतात. तू देव मानलास न मानलास, चर्चच्या हिशेबी तू कॅथोलिकच आहेस. 2006 ते 2009 मध्ये 'मी रीतसर बाहेर पडतो' असं लेखी देण्याची एक पद्धत होती. ऑक्टोबर 2009 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी विवाहाच्या कलमांतला तो अपवादच काढून टाकला. त्यामुळे तुम्ही फक्त कचेरीत लग्न केलंत तर चर्च ते लग्न धरत नाही. त्याचा त्रास तुला शून्य. ती मात्र पुढे कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकरी घ्यायच्या, ओळीत उभी राहू शकत नाही. मानत नाहीस तू, आणि भोगणार ती. कचेरीचा हट्ट धरण्याआधी तिला याची किंमत माहीत आहे का, ते विचार.

गॉडफादरचं मात्र सरळ नाही म्हण. इथं मी जराही सूट देत नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी गॉडफादरनं सगळ्यांदेखत, बाळाच्या शेजारी उभं राहून 'मी श्रद्धा ठेवतो' असं म्हणायचं असतं. नुसतं बाकावर बसून भागत नाही. चर्चचा नियमही तसाच आहे: 16 वर्षं पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) झालेलं आणि श्रद्धेला धरून जगणारं माणूस हवं. बहिणीला सांग, तू या मुलीसाठी जे वचन मागतेयस ते मी पाळू शकणार नाही. नियमानुसार गॉडफादर-गॉडमदर दोघं असायलाच पाहिजेत असं नाही, एक असलं तरी चालतं. आणि तू मामा आहेस. आपल्याकडे मामाला पदवी लागत नाही. बारशाचं सोनं, दहावीची फी, रात्री दोनचा फोन, सगळं त्याच्याच वाट्याला येतं.

वहीतून नाव निघत नाही. बाप्तिस्म्याची वही म्हणजे एका दिवशी काय घडलं त्याची नोंद, जन्माच्या दाखल्यासारखी. सरकारी कागदाचं म्हणशील तर 23 सप्टेंबर 2014 ला मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलंय की 'माझा कुठलाच धर्म नाही' असं म्हणण्याचा अधिकार घटनेच्या 25 व्या कलमातच आहे आणि अर्जावर धर्म लिहायची सक्ती सरकारला करता येत नाही. गंमत म्हणजे तिथले अर्जदार येशूला मानणारे होते, त्यांना फक्त धर्माचं लेबल नको होतं. हा निकाल कर्नाटकात थेट बांधील नाही, पण दाखवता येतो. लग्नाच्या तोंडावर मात्र या भानगडीत पडू नको.

शेतीचं, घराचं दोन ओळीत. ख्रिस्ती घराला 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचं मुलामुलींना सारखं. तू काय मानतोस यानं त्या वाट्यात फरक पडत नाही. पण मृत्युपत्र करून वडील सगळं कुणालाही देऊ शकतात, कारण आपल्यात जन्मानं मिळणारा वडिलोपार्जित हक्क नाही. ते देव मानणाऱ्या मुलालाही लागू आहे, म्हणून त्याची वेगळी भीती बाळगू नको.

सेमेटरीचं. धर्मसंहितेचं 1184 वं कलम उघडपणे धर्म सोडलेल्याचा अंत्यविधी नाकारतं, पण 'उघडपणे' या शब्दावर सगळं आहे. शंका असेल तर बिशपांना विचारायचं असतं. गावात गाजावाजा न केलेल्या माणसाला जागा नाकारलेली मी तरी या भागात पाहिलेली नाही. मी स्वतः देहदानाचा फॉर्म भरलाय. कर्नाटकात 1957 च्या शरीरशास्त्र कायद्याखाली ते होतं आणि बेळगावात वैद्यकीय कॉलेज आहे. तरी 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, चुन्याचा डबा आणि ब्रश घेऊन आईवडिलांच्या कबरीवर मीच जाते. भावाला कंबरेचा त्रास आहे.

राहिले आईवडील. यात घाई करू नको, आणि ते का घाबरतील हे आधी समजून घे. डिसेंबर 2021 मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक इथंच बेळगावात, सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनात, विधानसभेनं मंजूर केलं. त्या दिवसांत आपल्या लोकांच्या मनावर काय दडपण होतं ते तुझ्या वडिलांनी कौन्सिलवर बसून पाहिलेलं असणार. मूठभर लोकांतून एकजण उठून गेला की बाकीच्यांना ते मतभेदासारखं वाटत नाही, माणूस कमी झाल्यासारखं वाटतं. आणि ऑगस्ट 2015 मध्ये धारवाडला कन्नड विचारवंत डॉ. एम. एम. कलबुर्गींना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली. माझ्या आईनं त्या दिवशी मला फोन करून एवढंच विचारलं, तू कुठं भाषणबिषण करत नाहीस ना? ती तेव्हा 80 ची होती. मी देव मानत नाही हे तिनं केव्हाच पचवलेलं होतं. तिला भीती बाहेरच्यांची होती. तुलाही बाहेरचे भेटतील. 'बघा, ख्रिस्ती पोरगाच चर्चविरुद्ध बोलतोय' म्हणून तुझं बोलणं व्हॉट्सॲपवर फिरवायला टपलेले. त्यांच्या हाती ते देऊ नको.

माझ्या घरी काय झालं ते सांगते. आमच्याकडे पवित्र हृदयाच्या तसबिरीखाली लाल झिरोचा बल्ब, त्यासमोर चटई. तेर्सातली पाच दशकं, म्हणजे दहा-दहा प्रार्थनांचे पाच भाग, पाचजणांत वाटलेली. पहिलं बाबांचं, दुसरं आईचं, तिसरं माझं, मग दोघा भावांची. मी 24 व्या वर्षी बाबांना दुपारी सांगितलं, की मी आजपासून म्हणणार नाही. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी दुसरं दशक संपलं आणि आई थांबली. सगळे थांबले. रस्त्यावरून भाजीवाल्याची हाक येत होती, ती पूर्ण ऐकू आली. मग धाकट्यानं घाईघाईनं तिसरं सुरू केलं आणि मध्येच चुकला. असं तीन आठवडे चाललं. रोज तिसऱ्या दशकाआधी ती शांतता. मी स्वयंपाकघरात भांडी घासत उभी. चौथ्या आठवड्यात आई आत आली आणि म्हणाली, म्हणू नकोस, पण येऊन बस तरी, मेणबत्ती कोण लावणार? तेव्हापासून मेणबत्ती माझी.

तुझ्या आईला सांगशील तेव्हा असलं एखादं काम आधीच शोधून ठेव. सांगायची वेळ लग्नाच्या गडबडीत निवडू नको, फेस्ताच्या आठवड्यात नको आणि मावशी सिस्टर घरी आलेली असताना तर नकोच. आधी वडिलांशी, शेतात किंवा गाडीत, दोघंच असताना. वाद घालायला ये म्हणाले तरी घालू नको. आईनं तुझ्यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरला तर धरू दे. तो तिचा हक्क आहे, तुझ्यावरचा हल्ला नाही. आणि चार-पाच वर्षं सांगितलंच नाहीस तरी आभाळ कोसळणार नाही. मुलीशी खरं बोललास आणि बाप्तिस्म्याच्या दगडी टाकीशी खोटं बोलला नाहीस, तर बाकीचं सवडीनं.

एक बारीक गोष्ट राहिली, जी तू विचारली नाहीस पण या नाताळला अडेल. कम्युनियनला सगळं बाकच्या बाक उठतं आणि बसून राहिलेला एकटा दिसतो. तेवढ्यासाठी कितीतरी जण न मानताही ओळीत जातात. जाऊ नको. समोरच्या बाकांवर बसायचंच नाही. कॉयरजवळ बस, नाहीतर माइकची जबाबदारी घे, नाहीतर बाहेर गाड्या लावून घे. आणि बसलेला दिसलास तरी, कुमसार केलेलं नाही म्हणून कितीजण बसतात, त्यातलाच एक समजतील. बेळगावात असलास तर मी जाते त्या चर्चला ये. डावीकडचा शेवटचा बाक, खांबाच्या आड. वर पंखा आहे आणि शेजारची जागा बहुतेक रिकामीच असते.